ट्राइनची सातवी वही

१

मंगळवारी सकाळी दहा वाजून पन्नास मिनिटांनी मी ट्रॉलीवरच्या वह्या मोजल्या आणि त्या सहा भरल्या. साडेदहाला सात होत्या. पुन्हा मोजल्या, गठ्ठ्याची दोरी झटकली, ट्रॉलीखाली वाकून पाहिलं. सहाच. माझ्या मागे लिसबेट पेन्सिलीला टोक काढत उभी होती. ती म्हणाली, "रेन्स्के, दे ना लवकर, अकराव्या पानावर थांबलेय मी," आणि मी तिसऱ्यांदा मोजायला लागले.

टेरझाइलच्या दप्तरखान्यातला वाचनकक्ष मी एकोणीस वर्षं सांभाळते आहे. इतक्या वर्षांत इथून एक चिठोरंसुद्धा हरवलेलं नाही. ही फुशारकी नाही, माझा पगारच त्यासाठी आहे. आणि हरवावी ती नेमकी लिसबेटची वही.

आमच्या गावाला एकच मोठा माणूस मिळाला, पाद्री एव्हरार्ड नौटा. सतराशे अडुसष्ट साली त्याचं 'बांधामागची पत्रे' छापून आलं. चौकात त्याचा पुतळा आहे, शाळेला त्याचं नाव आहे, आणि दरवर्षी मे महिन्यात त्याच्या नावाने भाषणं होतात. लिसबेट त्याच शाळेत चौथीला शिकवायची. मुलांना ती पत्रं वाचून दाखवता दाखवता एक दिवस तिच्या मनात आलं, की या पाद्र्याला ईल मासा सोलताना हात कसे निसटतात ते ठाऊक आहे, चादरीला लागलेलं डांबर कशाने निघतं ते ठाऊक आहे, पण अख्ख्या पुस्तकात बायबलचा उतारा म्हणाल तर एकही धड नाही. मग तिने शोध सुरू केला. बावीस वर्षं. तिचं म्हणणं असं, की पुस्तक पाद्र्याचं नाहीच, त्याच्या घरी चूल सांभाळणाऱ्या ट्राइन वीब्रेन्सचं आहे. गाव हसलं. मासळीबाजारात लोक तिला विचारायचे, "काय म्हणतेय तुझी मोलकरीण?" लिसबेट म्हणायची, "तुमच्यापेक्षा बरं लिहितेय."

सोमवारी दुपारी चार वाजता पाद्र्याच्या घरातल्या धुण्याच्या याद्यांच्या गठ्ठ्यात तिला सात निळ्या वह्या सापडल्या. सहांत चादरी आणि मोजे. सातवीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं, 'ट्राइन वीब्रेन्स, हिची वही', आणि खाली पहिलं पत्र, खाडाखोडीसकट. नक्कल करणारा माणूस असा अडखळत नाही. वाक्य तिथेच, त्या कागदावर, जन्माला येत होतं. मला रडू आलं, हे मी लपवत नाही. पाच वाजता कक्ष बंद होईपर्यंत तिची दहा पानं वाचून झाली.

फोटो काढता आला नाही. शाई तडकलेली असली की कागद-दुरुस्तीवाल्याने पाहिल्याशिवाय कॅमेरा लावायचा नाही, हा आमचा नियम, आणि तो माणूस शुक्रवारी दुपारी येणार होता. त्याच शुक्रवारी बारा वाजता पुस्तकाची नवी आवृत्ती छापायला जाणार होती. प्रकाशक रुटगरने फोनवर लिसबेटला शब्द दिला होता, "बारापर्यंत वही दाखवा, मुखपृष्ठावरचं नाव बदलतो. नाही दाखवलीत तर नौटाच राहील." आधीची आवृत्ती पन्नास वर्षं चालली होती. लिसबेट आता एकाहत्तरची आहे.

आणि वही नव्हती.

२

पोलिसांनी सांगितलं, संगणकावर अर्ज भरा. आमचे साहेब सीब्रेन यांनी घसा खाकरून मला विचारलं, "वही तू स्वतः पाहिलीस ना? म्हणजे नीट?" बुधवारच्या स्थानिक वर्तमानपत्रात मथळा आला, 'मोलकरणीची वही: होती की नव्हती?' आत लिहिलं होतं, की वही पाहिलेल्या दोघी जणी एकाच गायनमंडळात गातात. म्हणजे आम्ही दोघींनी मिळून थाप मारली, असं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तडक गेस्के टोल्स्माकडे गेले.

गेस्केने तीस वर्षं विमा कंपनीत आगी तपासल्या. गोदाम जळलं की मालक रडत यायचा आणि गेस्के राख चिवडत विचारायची, "मांजर कुठे होतं त्या वेळी?" मांजर आदल्या दिवशीच बहिणीकडे पोचवलेलं असलं, की मालकाचं रडणं थांबायचं. तिला गोड बोलता येत नाही आणि ते शिकावं असं तिला कधी वाटलंही नाही.

"कोण कोण होतं?" तिने विचारलं.

"चौघं. लिसबेट टेबल एकवर. प्रोफेसर फान आल्स्ट टेबल चारवर, ते दर मंगळवारी तिथेच बसतात."

"नौटाचं चरित्र लिहिणारे?"

"तेच. तीन खंड. रुटगर वही बघायला आला होता, त्याला अकराला दाखवायची ठरली होती. आणि सीब्रेन."

"मग साडेदहा ते दहा पन्नास या वेळात या चौघांपैकी कोण कुठे होतं?"

तिथेच तर घोडं अडत होतं. "सगळे माझ्यासमोर कॉफी पीत होते," मी म्हणाले.

आमच्या गावात साडेदहा वाजले की जो तो हातातलं काम टाकतो. सर्जनसुद्धा टाकत असेल, मला शंका आहे. वाचकांनी कागद ट्रॉलीवर ठेवायचे आणि कॉफीला मागच्या खोलीत यायचं. त्या वेळी कोणी वाचत बसेल हे माझ्या डोक्यातच येत नाही, म्हणून मी कक्षाला कधी कुलूप लावलं नाही. मंगळवारीही नाही लावलं. बाहेरचा दरवाजा कॉफीच्या खोलीतून बटण दाबल्याशिवाय उघडत नाही आणि ते बटण कोणी दाबलं नाही.

"कोणी मध्येच उठलं?"

"नाही. सीब्रेन हवामानावर बोलत होते. रुटगर घड्याळ बघत होता. बिस्किटांचा डबा एकदा फिरला, माणशी एक. प्रोफेसरांनी नेहमीसारखे दोन कप भरले, दोन बिस्किटं घेतली. दुसऱ्या कोणी दोन घेतली असती तर मी डोळे वटारले असते, पण त्यांना चालतं. दारापर्यंत जाऊन लगेच परत आले, मिनिटभरही गेलं नसेल. बाहेर पडताना मी प्रत्येकाची पिशवी तपासली."

गेस्केने कपाळाला आठ्या घातल्या. "म्हणजे चौघांपैकी कोणीच घेतलेली नाही."

"आणि दुसरं कोणी नव्हतंच."

"मग तुम्ही दोघी खोटारड्या तरी आहात, नाहीतर तुझी यादी चुकली आहे," गेस्के म्हणाली आणि तिने बूट चढवले.

३

सीब्रेनला गाठलं तेव्हा तो खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालत होता.

"खरं सांगायचं तर, गेस्के बाई, मला ही वही नकोच होती," तो म्हणाला. "चाळीस वर्षं आमच्या सूचीत ती 'धुण्याच्या याद्या' म्हणून पडून आहे. उद्या सगळे विचारणार, तुम्ही काय झोपला होतात?"

"झोपला होतात का?"

"जरा. पण मी वही चोरली नाही. चोरायची असती तर सूचीतल्या त्याच नावाखाली परत ठेवली असती. पुन्हा चाळीस वर्षं कोणाला सापडली नसती."

हे मात्र पटण्यासारखं होतं. गेस्केने विचारलं, "वही सापडल्याचं सोमवारी तुम्ही कोणाला सांगितलंत?"

सीब्रेनने झारी खाली ठेवली. "प्रोफेसरांना. सौजन्य म्हणून. त्यांना पेपरातून कळलं असतं तर बरं दिसलं नसतं."

रुटगर त्याच्या शहरात, लीउवार्डनला, परत गेला होता. फोनवर भेटला आणि सरळ बोलला. "हे बघा, मला नाव कुठलंही चालतं. खरं तर मोलकरीण जास्त खपेल. पण माझ्याकडे शाळांची मागणी नौटाच्या नावाने आली आहे, आणि नुसत्या कोणाच्या तरी शब्दावर मी मुखपृष्ठ बदलू शकत नाही. बारा म्हणजे बारा."

"तुम्हाला जुनं अक्षर वाचता येतं?"

"मला माझ्या डॉक्टरचं अक्षर वाचता येत नाही."

गेस्केने फोन ठेवला. "हा नाही. सात वह्या दिसायला सारख्या. ज्याने उचलली त्याने नेमकी एकच उचलली, तीही वीस मिनिटांत. आत बघून, वाचून."

मग ती वाचनकक्षात आली आणि माझ्या टेबलावरची प्रत्येक चिठ्ठी वाचू लागली. सफाईला येणारी बाई संध्याकाळी मला निरोप लिहून ठेवते. मंगळवारचा निरोप होता: 'टेबल चारवर वाळू. वाचकांना समुद्रावरून आल्यावर पाय पुसायला सांगावे.'

मी तो वाचून बाजूला ठेवला होता. गेस्के म्हणाली, "टेबलावर पाय कोण पुसतं?"

माझ्या हातातला चहाचा कप खाली आला. ही वाळू समुद्रावरची नव्हती. त्या काळी ओली शाई सुकायला लोक पानावर बारीक वाळू भुरभुरत, आणि वही मिटली की ती शिवणीत अडकून बसे. अडीचशे वर्षं न उघडलेलं पान उघडलं की ती गळते. सोमवारी लिसबेटच्या टेबलावरून मी स्वतः चिमूटभर पुसली होती, दहा पानांची. मंगळवारी मात्र दहाला कक्ष उघडून मी गठ्ठा आणेपर्यंतच वेळ गेला; तिने वही उघडून दोन ओळी पुन्हा वाचल्या आणि कॉफीची वेळ झाली.

"म्हणजे अकराव्या पानापासून पुढची पानं टेबल चारवर उघडली गेली," मी म्हणाले.

"प्रोफेसरांच्या टेबलावर."

"पण प्रोफेसर तर माझ्यासमोर बसले होते."

"हो ना," गेस्के म्हणाली. "म्हणूनच आता मला त्यांचं घर बघायचं आहे."

४

गुरुवारी दुपारी आम्ही गेलो तेव्हा प्रोफेसरांच्या दारात शेजारीण उभी होती, हातात वाटाण्याच्या सुपाचं पातेलं. तिने दबक्या आवाजात विचारलं, "कोण गेलं हो? प्रोफेसर की काय?"

तिचंही चुकलं नव्हतं. रस्त्याकडच्या खोलीचे पडदे ओढलेले होते. आमच्याकडे दिवसाढवळ्या पडदा ओढत नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याने आत बघावं, खिडकीतली फुलं बघावीत, आम्ही काही लपवत नाही हे बघावं, अशी रीत आहे. पडदे मिटतात ते घरात कोणी गेलं तरच.

"कधीपासून आहेत असे?" गेस्केने विचारलं.

"मंगळवार दुपारपासून. मी दोन दिवस रेडिओसुद्धा हळू लावतेय."

दार प्रोफेसरांच्या बायकोने, वेंडेलाने उघडलं. सूप पाहून ती गोंधळली, मग लाल झाली. "कोणी गेलं नाही. माझं डोकं दुखत होतं," ती म्हणाली आणि पातेलं घेऊन आत गेली.

प्रोफेसर आम्हाला त्यांच्या अभ्यासिकेत घेऊन गेले. मागची खोली, बागेकडची, पडदे सताड उघडे. शहात्तर वर्षांचा, ताठ, देखणा म्हातारा.

"लिसबेटबाई उत्तम शिक्षिका होत्या," ते म्हणाले. "मुलांना शिकवावं त्यांनी. माझ्यावर राग नको, पण माणूस बावीस वर्षं एखादी गोष्ट शोधत राहिला की ती त्याला दिसायलाच लागते."

"मलाही दिसली," मी म्हणाले.

"तुम्ही त्यांच्या मैत्रीण आहात."

गेस्के म्हणाली, "नौटा लिहायचा हे तुम्ही कशावरून ठरवलंत?"

"त्याची पत्रं आहेत ना. स्वच्छ पुरावा. भावाला लिहिलेलं ते पत्र, ज्यात तो पुस्तकाचा उल्लेख करतो, ते... वेंडेला, कोणत्या सालचं ते?"

स्वयंपाकघरातून आवाज आला, "एकसष्ट. आणि भावाला नाही, मेहुण्याला."

"तेच ते. आणि ते छापखान्याबद्दलचं?"

"चौसष्ट. दुसरी पेटी, तिसरा कागद."

प्रोफेसर हसले. "बायको म्हणजे माझी चालतीबोलती सूची आहे. टंकलेखन तीच करते."

वेंडेला कॉफी घेऊन आली, तिने ट्रे ठेवला, आणि ते "बरं, आता दार लावून घे" म्हणाले तशी ती दार लावून गेली. गेस्के त्या बंद दाराकडे बघत राहिली. मग तिने कॉफीत साखर घातली. ती कधी साखर घेत नाही.

५

बाहेर पडल्यावर आम्ही समुद्राला अडवणाऱ्या बांधावर चढलो. वारा असा होता की टोपी हातात धरावी लागत होती.

"वही त्या घरात आहे आणि ती शाबूत आहे," गेस्के म्हणाली.

"कशावरून?"

"पडद्यांवरून. वही लपवायची तर खण पुरतो. जाळायची तर शेगडी पुरते. पडदा कशाला लागतो? जिला समोरच्या खोलीत तासन् तास बसून ती वाचायची आहे, आणि रस्त्यावरून कोणी बघू नये असं वाटतं, तिला."

"तिला?"

"प्रोफेसर बागेकडे बसतात. रेन्स्के, मंगळवारी तू कॉफीचे कप किती धुतलेस?"

"सहा."

"तुम्ही माणसं किती होतात?"

"पाच. ते चौघं आणि मी. सहावा प्रोफेसरांचा, त्यांनी दोन..." मी बोलता बोलता थांबले.

"दारापर्यंत जाऊन आले म्हणालीस. दुसरा कप कोणाला दिला त्यांनी?"

मला उत्तर माहीत होतं. एकोणीस वर्षं माहीत होतं. दर मंगळवारी वेंडेला त्यांच्याबरोबर येते. वाचकांच्या नोंदवहीत ते एकटेच सही करतात. त्यांचा ओव्हरकोट मांडीवर घेऊन ती टेबल चारशी, त्यांच्या शेजारी बसते, पान उलटते, कानात काहीतरी सांगते. कॉफीला ती येत नाही, ते तिची कॉफी त्या खोलीच्या दाराबाहेर, वाचनकक्षाकडच्या बाकावर पोचवतात. जाताना मी प्रोफेसरांची पिशवी उघडून बघते. तिच्या हातावरचा कोट मी कधी उचलूनसुद्धा पाहिला नाही.

"मग ती तुझ्या यादीत का नव्हती?" गेस्केने विचारलं.

"ती वाचायला येत नाही. ती त्यांच्याबरोबर येते," मी म्हणाले, आणि माझे शब्द माझ्याच तोंडावर येऊन आदळले. ट्राइन वीब्रेन्सला अडीचशे वर्षं कोणी मोजलं नाही म्हणून मी गावभर भांडत होते. आणि दर आठवड्याला माझ्यापासून चार हातांवर बसणारी बाई मला मोजता आली नव्हती. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"रडायचं नंतर," गेस्के म्हणाली. "पुरावा माझ्याकडे शून्य आहे. चिमूटभर वाळू, तीही झाडून टाकलेली. पोलीस गेले तर संध्याकाळपर्यंत त्या वहीची राख होईल. ती तिनेच द्यायला हवी."

"मग तिला बोलावू या."

"एकटीला बोलावलं तर तो येऊ देणार नाही. त्याला बोलाव. कोट घेऊन ती येईलच."

६

शुक्रवारी अकराला सगळे सीब्रेनच्या खोलीत जमले. रुटगर फोन हातात घेऊनच आला होता. लिसबेटने तिचा एकुलता एक चांगला ड्रेस घातला होता. प्रोफेसर टेबलाच्या टोकाला बसले. वेंडेला दाराजवळच्या खुर्चीत, मांडीवर कोट.

या वेळी कॉफी मी स्वतः सगळ्यांना दिली. पहिला कप वेंडेलाला.

गेस्केने वाळूबद्दल सांगितलं, पडद्यांबद्दल सांगितलं, सहाव्या कपाबद्दल सांगितलं. एकेका गोष्टीसरशी खोलीतली डोकी दाराकडे वळत गेली. सीब्रेनला हवामानाचा विसर पडला.

"हे हास्यास्पद आहे," प्रोफेसर म्हणाले. "वेंडेला नुसती सोबत येते. तिला यातलं काही कळत नाही."

"असं?" गेस्केने मला खूण केली. मी नौटाचं एक पत्र त्यांच्यापुढे ठेवलं, दुसरी पेटी, तिसरा कागद. "यातल्या दोन ओळी वाचून दाखवा, प्रोफेसर. तीन खंड लिहिलेत तुम्ही या माणसावर."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. कागद खिडकीकडे धरला. "आज उजेड बरा नाही," ते म्हणाले, आणि सवयीने त्यांनी कागद दाराकडे पुढे केला. "वेंडेला."

ती उठली नाही.

साडेअकरा वाजून गेले होते. रुटगर म्हणाला, "मला वीस मिनिटांत फोन करायचा आहे."

गेस्के दाराकडे वळली आणि खुर्चीत जरा पुढे सरकली. "बाई, मी काल तुमच्या घरी आले, तुमची कॉफी प्यायले, आणि प्रश्न सगळे यांना विचारले. चूक झाली. आता तुम्हाला विचारते. वही कुठे आहे?"

"इथे आहे," वेंडेला म्हणाली.

तिने मांडीवरचा कोट बाजूला केला. खाली, कापडी पिशवीत गुंडाळलेली, निळी वही होती. लिसबेटच्या तोंडून एक अस्फुट आवाज निघाला.

प्रोफेसरांचा चेहरा पांढरा पडला. "तू म्हणालीस की जाळली."

"तू म्हणालास जाळ. मी म्हणाले बरं." वेंडेलाचा आवाज बारीक होता पण कापत नव्हता. "सोमवारी तू म्हणालास, वही शुक्रवारपर्यंत गायब झाली पाहिजे. चाळीस वर्षं तू सांगतोस ते करत आलेय, तेही केलं. उचलायच्या आधी हीच का ते बघायला चार पानं वाचली, आणि मग थांबता येईना. घरी जाऊन पडदे ओढले आणि बसले. तीन दिवसांत तीनदा वाचली."

"मग परत का नाही दिलीत?" सीब्रेनने विचारलं.

"दिली असती तर पेपरात चोर म्हणून आले असते. माझं नाव आयुष्यात पहिल्यांदा छापून येणार, ते असं? तीन दिवस बरोबर घेऊन फिरतेय. वाटत होतं, कोणीतरी मला विचारेल. सगळे त्यालाच विचारत होते."

प्रोफेसर उठले. "वेंडेला, विचार कर. हे पुस्तक गेलं तर माझे तीन खंड..."

"तुझे?" ती म्हणाली. एवढंच. पण खोलीतल्या प्रत्येकाला कळलं, आणि त्यांनाही कळलं की सगळ्यांना कळलं आहे. ते तिच्यापर्यंत गेले, खुर्चीवरचा कोट त्यांनी स्वतः उचलला, घातला आणि निघून गेले. दार त्यांनी जोरात लावलं.

"मला वरती कळवावं लागेल," सीब्रेन पुटपुटला. "वाचनकक्षातून वस्तू बाहेर नेली..."

"वाचनकक्ष मी सांभाळते," मी म्हणाले. "वही टेबलावर आहे. काय कळवणार आहात? की सूचीत ती चाळीस वर्षं धुण्याच्या याद्या होती?"

सीब्रेनने बिस्किट तोंडात घातलं.

वेंडेलाने वही लिसबेटपुढे नेऊन ठेवली. "तुम्ही दहाव्या पानापर्यंत पोचला होतात. पुढे एकतिसावं बघा. समासात."

लिसबेटने पान उघडलं, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "मला दिसत नाहीये. तुम्हीच वाचा."

मग वेंडेलाने वाचलं, मोठ्याने, सगळ्यांसाठी. इतकी वर्षं ती एकाच माणसाच्या कानात वाचत आली होती. आधी ट्राइनचं पत्र, तेच ईल सोलण्याचं, सगळ्या गावाला पाठ असलेलं, खाडाखोड जिथे आहे तिथे थांबत. आणि समासात दुसरं अक्षर, नौटाचं स्वतःचं: 'ट्राइन, सोमवारपर्यंत आणखी दोन पत्रं हवीत. छापखान्याचा माणूस विचारतो, मी त्याला काय सांगू? आणि तुझं नाव कुठे दिसणार नाही हे बघ.' त्याखाली ट्राइनचं उत्तर: 'पत्रं सोमवारी मिळतील. नाव तुम्ही लपवा. मला त्याची लाज वाटत नाही.'

बाराला सहा मिनिटं होती. रुटगरने नंबर फिरवला.

"मुखपृष्ठ थांबवा," तो फोनवर म्हणाला. "लेखकाचं नाव बदला. ट्राइन वीब्रेन्स. हो, बाई. हो, नक्की, माझ्यासमोर आहे वही." मग त्याने फोनवर हात ठेवून वर पाहिलं. "जुन्या अक्षराचं वाचन आणि संपादन कोणाचं घालू?"

"हिचं," लिसबेटने वेंडेलाकडे बोट केलं.

"दोघींचं," वेंडेला म्हणाली. "लिसबेट रीन्स्मा आणि वेंडेला टेर हॉर्स्ट. माहेरचं नाव घाला माझं."

रुटगरने ते सांगितलं. पलीकडचा माणूस काहीतरी विचारत होता. रुटगर ऐकत राहिला, मग अवघडून म्हणाला, "तो विचारतोय, नौटाचं नाव अजिबातच काढायचं का? इतकी वर्षं होतं. शाळांना चुकल्यासारखं वाटेल. कुठेतरी, बारीक अक्षरात?"

वेंडेला वहीच्या उघड्या पानाकडे बघत होती.

"समासात आहे ना तो," ती म्हणाली. "तिथेच राहू द्या."

रुटगरने फोनवरून हात काढला आणि तसंच सांगितलं.